उसनी मार्केसा

मार्केसा आणि मी एकाच सालच्या. ती एक्कावन्न साली जहाजातून हवानाच्या धक्क्यावर उतरली आणि मी त्याच वर्षी रेमेदिओसमध्ये जन्माला आले. ती रेमेदिओसला आली तेव्हा तिला बघायला सगळं गाव जमलं होतं, मला बघायला फक्त सुईण होती. तेव्हापासून तिचं आणि माझं हे असंच चाललं आहे.

मार्केसा म्हणजे आमची गाडी. गोल पाठीची, कच्च्या कैरीच्या रंगाची शेवरोले. माझे सासरे साखर कारखान्यात नोकरीला होते, त्यांनी ती कोरी घेतली. किल्ली हातात देताना विकणारा म्हणाला होता, "दोन-तीन वर्षं मजेत वापरा, मग ही आणून द्या आणि नवी घेऊन जा." तेव्हाची रीतच तशी होती. पायातल्या जोड्यासारखी गाडी, टाच झिजली की बदलायची. मैल मोजायच्या चकतीला पाचच घरं होती, कारण गाडी लाखावर जाईल असं ती बनवणाऱ्यांच्याही स्वप्नात आलं नव्हतं. पुढे तो विकणारा देश सोडून गेला, त्याचं दुकान गेलं, नव्या गाड्या यायच्या बंद झाल्या, आणि मार्केसा तेवढी राहिली. तिची चकती पुन्हा पुन्हा शून्यावर आली आणि शेवटी कंटाळून थांबली. पिस्टन ट्रॅक्टरचे, ब्रेकमध्ये कधी तेल तर कधी शॅम्पू, सीटमध्ये नारळाचा काथ्या. तिच्यात मूळचं काय उरलंय असं कुणी विचारलं की माझा नवरा म्हणतो, "हॉर्न आणि हट्ट."

नवरा म्हणजे ओनेलियो. सत्तरी गाठली तरी नखातलं ग्रीस काही निघालं नाही. मला सवत असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं. गाडीशी काय भांडणार? ती ऐकते कुठे आणि हा तिच्याखालून बाहेर येतो कुठे?

आमच्याकडे मुलीला पंधरावं लागलं की लग्नासारखा थाट करतात. घेरदार झगा, नाच, केक, फोटो आणि मिरवत जायला गाडी. माझ्या पंधराव्याला सासऱ्यांनी शेजारधर्म म्हणून मार्केसा दिली होती आणि चालवायला आपला पोरगा दिला होता. त्याने अख्खी वाट मागे वळून माझ्याकडे बघत गाडी चालवली, एक कोंबडी चिरडली आणि वर मला म्हणाला, कोंबडीचीच चूक होती. तिथेच मी फसले. आमची लेक ओदालिसही पंधराव्याला मार्केसातूनच गेली. ती आता माद्रिदला म्हाताऱ्या माणसांची सेवा करते आणि तिची यारेलिस आमच्यापाशी वाढली. दोन हजार सोळाच्या मार्च महिन्यात यारेलिसला पंधरावं लागणार होतं, आणि मार्केसा दोन वर्षांपासून अंगणात विटांवर बसून होती.

त्याच सुमारास हवानाहून अमाउरी नावाचा माणूस आला. गावोगाव फिरून जुन्या गाड्या विकत घ्यायचा. टप कापायचा, गुलाबी रंग मारायचा आणि परदेशी पाहुण्यांना समुद्रकाठी फिरवायचा, असा त्याचा धंदा. त्याने मार्केसाभोवती दोन चकरा मारल्या, बोटाने टिचक्या मारून बघितल्या आणि म्हणाला, "तुमच्या नातीच्या समारंभानंतरच्या सोमवारी येतो. ट्रक घेऊनच येतो. विचार करून ठेवा."

मी विचार केलेलाच होता. आमचं छप्पर तीन पावसाळे गळत होतं.

"विकून टाक," मी म्हटलं. "निदान कोरड्यात झोपू."

"तुझ्याच वयाची आहे ती," ओनेलियो म्हणाला. "तुला कुणी विकायला काढलंय का?"

"मी चालते. ती विटांवर बसलीय."

"चालेल."

"कधी? मी गेल्यावर? मला न्यायला?"

यारेलिस पायरीवर बसून नखं रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "आजोबा, मला काहीही चालेल. माझ्या मैत्रिणी त्या काइबारिएनवाल्याच्या भाड्याच्या लाल गाडीतून गेल्या. मी मार्केसातून जाईन. फक्त आधीच सांगा, गाडीत बसायचंय की गाडी ढकलायचीय? म्हणजे तशा चपला घेते."

हे त्याला फार लागलं. पोरगी लहानपणी दुपारची मार्केसाच्या मागच्या सीटवरच झोपायची, आणि तीच आज असं बोलते. तो हातातला पाना खाली टाकून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "हे बघ नेलिदा. शनिवारी यारेलिस या दारातून हॉलच्या दारापर्यंत मार्केसातून जाईल, आणि मार्केसा स्वतःच्या बळावर जाईल. नाही पोचली, तर सोमवारी त्या अमाउरीच्या हातात मी माझ्या हाताने किल्ली देईन. शब्द देतो तुला."

ओनेलियोचा शब्द म्हणजे शब्द. एकदा पैजेवर सिगरेट सोडली ती सोडलीच, मग दोन वर्षं आमच्या घरात कुणाला त्याच्याशी धड बोलता येत नव्हतं तो भाग वेगळा. मी मनातल्या मनात छपराचे पत्रे मोजले. पैज मी जिंकलेलीच होती.

पुढचा आठवडा मी शिवणाच्या मशीनवर आणि तो गाडीखाली. ओदालिसने माद्रिदहून निळं साटिन पाठवलं होतं, त्याचा झगा मी तीन महिने शिवत होते, आता फक्त घेराची शिलाई उरली होती. शिवता शिवता खिडकीतून मला दिसायचं, की ओनेलियो हळूच कुंपणामागून बाहेर पडतोय आणि थोड्या वेळाने पोत्यात काहीतरी गुंडाळून आणतोय.

"काय आणलंस?"

"काही नाही. भंगार."

ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी खोड. मीही विचारलं नाही. बुधवारी मार्केसा खोकली. गुरुवारी तिने एवढा धूर सोडला की शेजारची वाळत घातलेली चादर काळी झाली. शुक्रवारी सकाळी ती चारही चाकांवर उभी होती आणि तिचं इंजिन असं गुरगुरत होतं, जसं मांजर मांडीवर बसल्यावर करतं. ओनेलियो माझ्याकडे बघून नुसता मिशीत हसला. मला राग आला आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. ते मी तोंडावर येऊ दिलं नाही.

हॉल काइबारिएनला समुद्रकाठी घेतला होता, आमच्यापासून दोन कोसांवर. पाहुण्यांना न्यायची व्यवस्था महिनाभर आधीच ठरली होती. गल्लीत तीन चालत्या गाड्या. दाताचे डॉक्टर आर्सेनियो यांची रशियन मोस्कविच, निकानोर बेकरीवाल्याची फोर्ड आणि डुकरं पाळणाऱ्या बार्बारिताची जीप. तिघांनीही आपणहून सांगितलं होतं, आम्ही सगळ्यांना नेतो म्हणून. सगळे पाहुणे जाऊन बसले की शेवटी यारेलिस मार्केसातून येणार. मुलीने शेवटीच यायचं असतं, सगळ्यांनी माना वळवून बघायला हवं ना.

शनिवारी दुपार कलली तशी आमच्या अंगणात माणसं जमायला लागली. नाचणाऱ्या पोरी झगे सावरत, पोरं गळ्यातले बो-टाय ओढत. मार्केसा धुऊनपुसून उभी. सगळे तिला हात लावून जात होते. तेवढ्यात डॉक्टर आर्सेनियो बायकोला घेऊन आले. कोट, टाय, चकचकीत बूट. आणि पायी.

"डॉक्टर, गाडी कुठाय?" मी विचारलं.

"गाडी ना," डॉक्टर टाय सारखा करत म्हणाले, "म्हटलं आज निकानोरबरोबर जाऊ. त्याची फोर्ड ऐसपैस आहे."

पाठोपाठ निकानोर आला. दोन्ही हातांवर तीन मजली केक, कपाळावर घाम. तोही पायी.

"निकानोर, फोर्ड?"

"मी म्हटलं डॉक्टर आहेतच की." त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं.

बार्बारिता लांबूनच दिसली. लाल झगा, उंच टाचा हातात आणि पाय अनवाणी. जवळ येऊन टाचा पायांत घालत म्हणाली, "चला, कोण नेतंय मला? बेकरीवाला का दातवाला?"

मग तिघं मिळून ओनेलियोकडे बघायला लागले. ओनेलियो आपल्या बुटांकडे बघत होता. मी जाऊन मार्केसाचं बॉनेट उघडलं. मला इंजिनातलं कळत नाही, पण धुळीने माखलेल्या जुन्या यंत्रात नवखी वस्तू कुठली ते शिवणकाम करणाऱ्या बाईला दिसतंच. जुन्या झग्याला लावलेलं ठिगळ आम्हाला लांबून कळतं.

"बॅटरी कुणाची?"

"माझी," डॉक्टर म्हणाले. "त्याने सांगितलं होतं, नेलिदाला कळू देऊ नका."

"मलाही तेच सांगितलं," निकानोर म्हणाला. "पुढची दोन चाकं माझी."

"आणि पेट्रोलचा पंप माझ्या जीपचा," बार्बारिता म्हणाली. "एवढी वर्षं पर्रांदाच्या सणात, गावाच्या दोन बाजू आतषबाजीत भिडल्या की, तुमच्या बाजूला शिव्या घातल्या, आणि माझ्या जीपचं काळीज काढून मी तुम्हाला दिलं. का, तर पोरीचं पंधरावं. मला वाटलं बाकीच्या दोन गाड्या आहेत."

बाकीच्या दोघांनाही हेच वाटलं होतं. तिघांनी एकमेकांना पत्ता लागू न देता आपापली गाडी मोडून एक मार्केसा उभी केली होती. आता गल्लीत चालती गाडी एकच, आणि न्यायची माणसं अंगणभर. आणि हे सगळं कशासाठी? मी टोमणे मारीन म्हणून. नवऱ्याला बायकोच्या जिभेची एवढी धास्ती असेल, तर त्याने लग्न तरी कशाला करावं?

"घोडागाडी करू," कुणीतरी म्हणालं.

"घोडागाडीने जायचं तर पोचेपर्यंत पोरगी सोळाची होईल," यारेलिस म्हणाली, आणि पोट धरून हसायला लागली. झग्याच्या पिना सुटायला आल्या तरी हसतेय. ती हसली म्हणून बाकीचेही हसले. डॉक्टर तर इतके हसले की कुणाचेही दात बघणाऱ्या माणसाचे स्वतःचे दात आम्हाला पहिल्यांदा मोजता आले.

मग फेऱ्या सुरू झाल्या. सासऱ्यांनी मार्केसा सहा माणसांसाठी घेतली होती. त्या दिवशी एकेका फेरीत किती बसले ते मी सांगत नाही, पोलिसांच्या कानावर जायचं. पोरींचे झगे चारही खिडक्यांतून बाहेर फुगलेले, केक निकानोरच्या मांडीवर, आणि निकानोर कुणाच्या तरी मांडीवर. बार्बारिता दुसऱ्या फेरीला निघाली तेव्हा म्हणाली, "पंपाची काळजी घे हं ओनेलियो, सोमवारी डुकरांना चारा आणायचाय." ओनेलियो जात होता, येत होता, रिकामी मार्केसा अंगणात वळवताना हॉर्न वाजवत होता. एवढा आनंदी मी त्याला ओदालिस गेल्यापासून पाहिला नव्हता.

शेवटच्या फेरीला आम्ही तिघंच. तो चाकावर, मी शेजारी, आणि मागच्या सीटवर यारेलिस. म्हणजे मागे दिसत होतं ते निळं साटिनच, त्याच्यात कुठेतरी एक तोंड. ऊन उतरलं होतं. काइबारिएनच्या वेशीवर सिमेंटचा मोठा खेकडा आहे, तो दिसायला लागला आणि मी मनात म्हटलं, पोचतेय बाई, ही खरंच पोचतेय. आणि तेवढ्यात फट्ट असा आवाज आला, जळक्या रबराचा वास सुटला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली.

ओनेलियोने गाडी खेकड्याच्या पायाशी थांबवली आणि बॉनेट उघडलं. पाण्याचा पंप फिरवणारा पट्टा तुटून लोंबत होता. बॅटरी धड, चाकं धड, पेट्रोलचा पंप धड. उसनं आणलेलं सगळं इमानदारीत चालत होतं. तुटला तो आमचा घरचा पट्टा.

"आता?" यारेलिसने खिडकीतून विचारलं.

"पाण्याचा पंप फिरला नाही तर इंजिन जाम होईल," तो म्हणाला. "एवढ्याशासाठी. समोर तर हॉल दिसतोय."

तेवढ्यात एक पांढरी कोरी गाडी येऊन थांबली. पाहुण्यांना भाड्याने देतात तसली. चालवणारा आमच्याच मुलखातला, सभ्य तरुण. त्याने उतरून बॉनेटमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "बाप रे, एवढं सगळं असतं होय आत? माझ्या गाडीचं बॉनेट मी कधी उघडलेलं नाही. दिवा लागला की कंपनीला फोन करायचा." मग झग्याकडे बघून म्हणाला, "पंधरावं आहे ना? चला, मी सोडतो मुलीला. दोन मिनिटांचं काम."

ओनेलियो सरळ उभा राहिला. हात पुसले. "जा बाळ," तो यारेलिसला म्हणाला. "बस त्यांच्या गाडीत. लोक ताटकळलेत."

यारेलिस उतरली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, तू सांग. तू सांगशील तसं करते."

मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसले असते तरी पुरलं असतं. पोरगी पांढऱ्या गाडीतून जाईल, मार्केसा खेकड्याखाली राहील, सोमवारी अमाउरी ट्रक घेऊन येईल आणि पावसाळ्याआधी छप्पर होईल. शब्द त्याने दिला होता, मी मागितला नव्हता. पण 'जा बाळ' म्हणताना त्याचं तोंड कसं झालं ते मी पाहिलं. ओदालिस विमानतळावर काचेच्या पलीकडे गेली तेव्हा तो हेच दोन शब्द बोलला होता आणि तोंड असंच झालं होतं. ते आयुष्यात एकदा पाहिलं तेवढं पुरे होतं. दुसऱ्यांदा मला ते बघवलं नाही.

"तुम्ही तिकडे तोंड करा," मी त्या तरुणाला म्हटलं आणि खेकड्याच्या मागे गेले.

त्या दिवशी मी नायलॉनचे लांब मोजे घातले होते. माद्रिदचे, नवेकोरे, आयुष्यात पहिल्यांदाच एवढे तलम. पासष्टाव्या वर्षी भर रस्त्यात, सिमेंटच्या खेकड्याला टेकून एका पायावर उभं राहून मोजे काढायचे म्हणजे काय, ते करून बघावं. बाहेर येऊन मी ते ओनेलियोच्या हातात दिले. त्याने आधी मोज्यांकडे पाहिलं, मग माझ्या उघड्या पायांकडे.

"बघतोस काय? पीळ दे. गाठ मी मारते, तुझी गाठ सुटेल."

दोन्ही मोजे एकत्र पिळून त्याने इंजिनातल्या छोट्या चाकांवरून ओढून घेतले आणि मी शिंपिणीची गाठ मारली, ओढावी तितकी घट्ट होणारी. "बॅटरी भरणारा डायनॅमो राहू दे," तो पुटपुटला, "पंप फिरला की पुरे." रेडिएटरमध्ये त्या तरुणाच्या बाटलीतलं पाणी ओतलं. यारेलिस तोवर उतरून खेकड्यापाशी गेली आणि त्या तरुणाच्या फोनवर तिने खेकड्याच्या नांगीखाली फोटो काढून घेतला. तिच्या साऱ्या फोटोंतला तोच एक आज माझ्या भिंतीवर आहे.

मार्केसा सुरू झाली. आम्ही मुंगीच्या पावलाने निघालो. पांढरी गाडी दिवे लावून आमच्या मागोमाग येत राहिली. हॉलच्या दारात सगळे उभे होते. डॉक्टरांनी टाय सोडला होता, बार्बारिता पुन्हा अनवाणी होती. मार्केसा दारात थांबली तशी माणसांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की पोरगी उतरली हेही काहींना कळलं नाही. ओनेलियोने यारेलिसला पहिल्या नाचाला घेतलं. त्याने हात तीनदा धुतले होते, तरी निळ्या साटिनवर कमरेपाशी पाच काळी बोटं उमटली. तीन महिन्यांची माझी मेहनत. एरवी मी हॉल डोक्यावर घेतला असता. त्या दिवशी मी भाजलेल्या डुकराचं ताट घेऊन कोपऱ्यात बसले आणि ती पाच बोटं गोल गोल फिरताना बघत राहिले. मला मोठ्याने हसावंसं वाटत होतं, आणि मी हसलेसुद्धा.

रविवारी उठून बघते तर ओनेलियो मार्केसा पुसतोय. आतून, बाहेरून, काचा, हॉर्नची पितळी कडी.

"आज कुणाचं पंधरावं?"

"उद्या अमाउरी येतोय," तो म्हणाला.

"येऊ दे. गाडी तर पोचली."

"स्वतःच्या बळावर म्हटलं होतं मी." तो पुसतच राहिला. "बॅटरी डॉक्टरांची, चाकं निकानोरची, पंप बार्बारिताचा. ते एक वेळ सोड. पण शेवटची वाट ती तुझ्या मोज्यांवर गेली, म्हातारे. मी हरलो."

मी खूप समजावलं. चिडले, ओरडले, खुळ्या म्हटलं, सासऱ्यांचा उद्धार केला. तो हो म्हणायचा आणि पुसायचा. दिलेल्या शब्दाला असा चिकटून बसलेला माणूस म्हणजे गंजलेला बोल्ट. जोर लावाल तर तुटेल, पण फिरणार नाही.

सोमवारी सकाळी अमाउरीचा ट्रक दारात लागला. ओनेलियो किल्ली मुठीत धरून अंगणात उभा. यारेलिस माझा हात धरून उभी. अमाउरीने बॉनेट उघडलं, वाकला आणि वाकलेलाच राहिला.

तेवढ्यात डॉक्टर आर्सेनियो पाना घेऊन आले. "सुप्रभात. बॅटरी न्यायला आलोय, दवाखान्यात जायचंय." त्यांच्या मागे निकानोर जॅक घेऊन. "माझी चाकं." आणि सगळ्यांत मागे बार्बारिता, "पंप दे रे बाबा, डुकरं माझ्या नावाने ओरडतायत."

अमाउरी एकेकाकडे बघत सरळ झाला. "मामा," तो ओनेलियोला म्हणाला, "बॅटरी यांची, चाकं त्यांची, पंप या बाईंचा. मग यात तुमचं काय आहे?"

ओनेलियोची मूठ उघडायला लागली होती. मला किल्ली दिसली.

"मोजे माझे आहेत," मी म्हटलं.

"कसले मोजे?"

"ते काय, तुमच्या नाकासमोर. पट्टा म्हणून बांधलेत ते."

अमाउरीने वाकून मोज्यांना बोट लावलं. हसू दाबत म्हणाला, "मामी, मोजे काढून घ्या तुमचे. मला नुसता सांगाडा पुरे."

"ते निघायचे नाहीत. गाठ माझी आहे, आणि मला ती सोडायची नाही."

"म्हातारे," ओनेलियो हळूच म्हणाला, "मी शब्द दिलाय."

"कुणाला दिलास? यांना?"

"तुला."

"मग तो माझा झाला. त्याचं काय करायचं ते मी ठरवीन. मी तो तुला परत दिला. घे, ठेव खिशात."

"आणि छप्पर?" त्याने विचारलं.

"गळू दे. घरात भांडी आहेत."

अमाउरी समजूतदार निघाला. त्याने टोपी काढली, मला नमस्कार केला, मोज्यांकडे शेवटचं एकदा पाहिलं आणि रिकामा ट्रक घेऊन गेला. ओनेलियोने किल्ली खिशात घातली. मग दोन पावलं पुढे येऊन सगळ्यांदेखत माझ्या कपाळाची पापी घेतली, ग्रीसच्या तोंडाने. पन्नास वर्षांत हे त्याने चारचौघांत कधी केलं नव्हतं. यारेलिसने डोळे पुसले आणि मग हसली.

डॉक्टरांनी पाना वर केला. "मग घेऊ का बॅटरी?"

"थांबा जरा," मी म्हटलं. "आधी मला एक चक्कर मारून येऊ दे."

मी घरातल्या चपलांतच पुढे जाऊन बसले. यारेलिस मागे शिरली. डॉक्टर म्हणाले, बॅटरी नजरेआड जाऊ देणं बरं नाही, आणि तेही बसले. निकानोर चाकांसाठी बसला, बार्बारिता पंपासाठी. जॅक, पाना सगळं मांडीवर घेऊन आम्ही निघालो, आणि मार्केसा गल्लीच्या तोंडाशी आली तसा ओनेलियोने विचारलं, "कुठे नेऊ?"

"पेट्रोल आहे तिथवर ने," मी म्हटलं.